शेजारच्या खोलीतलं रडणं



आजचं वाचन: महाभारत, आदिपर्व. लाक्षागृहातून सुटका ते बकासुराचा वध. वेळ असेल तर पूर्ण वाचा. नसेल तर कुंती ब्राह्मणाच्या घरात आत जाते, तेवढा भाग तरी वाचा.

बकासुराची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. गाडाभर अन्न, दोन रेडे, सोबत एक माणूस, आणि वाटेत बसून ते सगळं अन्न स्वतःच खाणारा भीम. गंमत त्या खाण्यात आहे, म्हणून लक्षात तेच राहतं. आज आपण भीमाकडे न बघता त्याच्या आधीच्या दोन-तीन पानांकडे बघू. तिथे एक कुटुंब आहे. घर नसलेलं, खरं नाव न सांगणारं, दुसऱ्याच्या छपराखाली राहणारं.

हे कुटुंब कुठून आलंय?

वारणावतात जे घर त्यांना राहायला दिलं होतं, ते जाळण्यासाठीच बांधलेलं होतं. विदुराने पाठवलेल्या माणसाने भुयार खणलं, भीमाने आग लावली आणि सहा जण भुयारातून निसटले. त्या रात्री त्या घरात एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे झोपलेले होते. ते सहाही जण जळून गेले. सकाळी लोकांनी ते देह पाहिले आणि पांडव गेले असं मानलं. हस्तिनापुरात त्यांच्या नावाने पाणी सोडलं गेलं.

आपण हा भाग भरभर वाचतो, कारण पांडव वाचले याचा आनंद असतो. पण कुंतीच्या जागी उभं राहून बघा. आपल्याऐवजी दुसरी एक आई, तिच्या पाच मुलांसह गेली. हे ओझं घेऊन ती अंधारात, जंगलातून चालली आहे. थकून सगळे खाली बसले तेव्हा भीमाने आईला आणि भावांना उचलून नेलं. पुढे हिडिंब, मग व्यासांची भेट, आणि शेवटी व्यासांनीच त्यांना एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी ठेवलं.

तिथे ते तपस्व्यांच्या वेशात राहतात. दिवसा भिक्षा मागतात. संध्याकाळी आई वाटण्या करते: अर्धं अन्न भीमाला, उरलेल्या अर्ध्यात बाकी सगळे. कोणी विचारलं तर खरं सांगायचं नाही, कारण खरं सांगितलं तर शोधणारे येतील.

आजच्या भाषेत याला एकच शब्द आहे: निर्वासित.

कुंतीला काय ऐकू आलं

एके दिवशी बाकीचे भिक्षेला गेले होते. घरात फक्त कुंती आणि भीम. आणि आतून, यजमानांच्या खोलीतून, रडण्याचा आवाज आला.

इथून पुढचे बारकावे बघा, कारण आपली शिकवण त्यांच्यातच आहे.

एक. कुंतीला तो आवाज ऐकू येतो. जिचं स्वतःचं सगळं गेलंय, तिने कान बंद करून घेतले असते तर कोणी दोष दिला नसता. ती मात्र भीमाला सांगते की या माणसाच्या घरी आपण सुखाने राहिलो, त्याचं आपण काहीतरी देणं लागतो.

दोन. ती लगेच उपाय सांगत नाही. ती आत जाते. ग्रंथ म्हणतो की बांधलेल्या वासराकडे गाय धावते तशी ती गेली. आणि मग ती ऐकत राहते. आधी ब्राह्मण बोलतो, मग त्याची पत्नी, मग मुलगी. प्रत्येक जण म्हणतो, मी जातो, तुम्ही जगा. ब्राह्मणाच्या बोलण्यात एक जुनी खंतही येते: हे गाव सोडून जाऊ असं मी तुला कितीदा म्हणालो, पण इथेच जन्मले, इथेच वाढले, हे माझ्या वडिलांचं गाव, असं म्हणून तू ऐकलं नाहीस. निघून जावं की थांबावं, हा वाद या घरातही झालेला आहे. घर सोडलेली कुंती ते निमूट ऐकते.

तीन. शेवटी त्यांचा छोटा मुलगा गवताची काडी उचलतो आणि बोबडं बोलतो की या काडीने मी त्या राक्षसाला मारीन. इतक्या दुःखातही सगळ्यांना क्षणभर हसू येतं. कुंती त्या क्षणी पुढे होते. त्याआधी नाही.

चार. मदत करतानाही ती आपली ओळख सांगत नाही. माझ्या मुलाला एक विद्या येते, एवढंच म्हणते, आणि ही गोष्ट बाहेर बोलू नका अशी अट घालते. तिचं मौन अजून सुटलेलं नाही. ते सुटण्याची वेळही आलेली नाही.

यावर मी बराच विचार करत होतो, आणि मला सारखी एका घराची आठवण येत होती. ते घर उल्हासनगरला आहे.

कल्याणच्या छावण्या

मुंबईत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना उल्हासनगर म्हणजे फर्निचर, जीन्स आणि स्वस्त कपड्यांचं मार्केट एवढंच माहीत असतं. शहाड आणि विठ्ठलवाडी या स्टेशनांच्या मधलं ते शहर मुळात निर्वासितांची छावणी होती.

१९४७ च्या फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले. सिंधचा मात्र तुकडा झाला नाही. तो पूर्ण पाकिस्तानात गेला. १९३६ पर्यंत सिंध आपल्या मुंबई इलाख्याचाच भाग होता. सुरुवातीला तिथल्या अनेक हिंदूंना वाटलं की आपण इथेच राहू. पण ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि मग लोक हजारोंनी निघाले. अनेक जण कराचीहून बोटीने मुंबईला आले. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. पाच छावण्या. त्यांच्यात ही माणसं उतरवली गेली. एकेका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबं, आणि दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत म्हणून गोणपाट. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या शहराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही तिथला रिक्षावाला तुम्हाला "कोणता कॅम्प?" असंच विचारतो.

मध्ये गोणपाट असताना शेजारचं रडणं ऐकू येणारच. पण प्रत्येकाचंच काही ना काही गेलेलं होतं. कोणी कोणाला विचारायचं?

या समाजाने हात पसरले नाहीत. लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली, पापड लाटले, दुकानं टाकली, शाळा-कॉलेजं काढली. आपण त्यांच्या कष्टाचं कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण "बघा, शून्यातून उभे राहिले" असं म्हणताना मधलं एक पान आपण उलटून टाकतो. उभं राहण्यासाठी त्यांनी जे गिळलं, त्याचं पान.

एक नाव

माझा कॉलेजपासूनचा एक मित्र त्या छावणीतल्या घरातला आहे. पुढचं सगळं त्याला विचारून लिहितोय. त्याने वाचून हो म्हटलंय. नावं आणि कॅम्प नंबर देत नाही.

त्याच्या दादींना एक विचित्र भीती होती. हातात रजिस्टर घेतलेला कोणीही माणूस दारात आला की त्या आत जाऊन बसायच्या. जनगणनावाले, मतदार यादीवाले, पोलिओचे डोस देणाऱ्या बायका, कोणीही. घरातले हसायचे. दादीला सरकारी माणसाची ॲलर्जी आहे म्हणायचे.

२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यासाठी माणसं आली. घरातले बाकीचे चिखल उपसत होते, म्हणून दादी पुढे झाल्या. "घरात माणसं किती?" या प्रश्नावर त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, सहा. घरात पाच जण होते. सहावा कोण, असं त्या माणसाने विचारलं, तशा त्या चिखलातच खाली बसल्या.

रात्री त्यांनी सांगितलं. १९४८ चा पावसाळा. त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांचा दीड वर्षाचा भाऊ छावणीत तापाने गेला. सुरुवातीच्या काळात छावणीत माणशी शिधा मिळायचा. माणूस कमी झाला असं सांगितलं, तर शिधा कमी. अम्माने, म्हणजे दादींच्या आईने, पहाटे त्या बाळाला निरोप दिला आणि सकाळी शिध्याच्या रांगेत उभी राहिली. मुलींना बजावलं: कोणी विचारलं तर बाळ झोपलंय म्हणायचं. रडायचं नाही. गोणपाटापलीकडे आवाज जातो.

काही महिने ते बाळ कागदावर जिवंत राहिलं. त्याच्या वाटच्या धान्यावर त्याच्या बहिणी जगल्या. पुढे शिधा बंद झाला, घर झालं, दुकान झालं. पण त्याच्यासाठी रडायची वेळ निघून गेली होती. अम्माने पुढे आयुष्यभर ते नाव उच्चारलं नाही. आणि मुलींनीही नाही.

हस्तिनापुरात जिवंत माणसांच्या नावाने पाणी सोडलं गेलं. कल्याणला गेलेल्या बाळाच्या नावाने शिधा येत राहिला. दोन्हीकडे आईला गप्प राहावं लागलं, कारण बाकीची मुलं जगायला हवी होती.

म्हणून मला पहिली गोष्ट सांगावीशी वाटते. अशा घरातलं मौन म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही आणि लपवाछपवीही नाही. त्या वेळी ते जगण्याचं साधन होतं. अम्मा चुकली असं म्हणायची माझी हिंमत नाही. अडचण नंतर येते. धोका संपतो, पण गप्प राहण्याची आज्ञा कोणी मागे घेत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, काम संपलं तरी बंद न केलेली प्रोसेस मागे चालूच राहते. स्क्रीनवर काही दिसत नाही, फक्त मशीन तापतं. रजिस्टर दिसलं की दादींचे हात थरथरत, ते हेच.

कुंतीचं दुसरं मौन

महाभारताला हे पक्कं ठाऊक आहे. कारण एकचक्रेत ओळख लपवणाऱ्या कुंतीजवळ त्याहून जुनं एक गुपित होतं: कर्ण. ते तिने युद्ध संपेपर्यंत आपल्या पाच मुलांना सांगितलं नाही.

स्त्रीपर्वाच्या शेवटी सगळे गंगेच्या काठी गेलेल्यांना पाणी द्यायला जमतात. तेव्हा कुंती बोलते: कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. जागा बघा. सभेत नाही, रणांगणावर नाही. तर्पणाच्या वेळी. कारण आता तरी नाव घेतलं नाही, तर त्याच्या वाटचं पाणी राहून जाईल.

आणि युधिष्ठिराची प्रतिक्रिया? तो कोसळतो आणि रागावतो. पुढे शांतिपर्वात तो स्त्रीजातीलाच शाप देतो की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. धर्मराजसुद्धा त्या क्षणी आईकडे बघू शकत नाही. त्याला फक्त हे दिसतं की आपल्याला अंधारात ठेवलं गेलं.

माझ्या मित्राच्या वडिलांचंही तसंच झालं. दादींचा हा मुलगा तेव्हा पन्नाशीच्या आसपास होता. मला मामा होता आणि मला माहीतच नाही, यावरून ते कित्येक दिवस आईशी धड बोलले नाहीत. घरात हे असं होतं. गुपित उघडलं की लगेच सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात, असं फक्त सिनेमात. खऱ्या घरात आधी राग येतो: आधी का नाही सांगितलं? त्या रागालाही जागा द्यावी लागते. तोही शोकच असतो, उशिरा आलेला.

मग त्या वर्षीचा पितृपक्ष आला. वडिलांनी दादींजवळ बसून एवढंच विचारलं, "अम्मा, त्याचं नाव काय होतं?" आणि सत्तावन्न वर्षांनी दादींच्या तोंडून ते नाव आलं. एवढ्या लहान मुलाचं श्राद्ध करत नाहीत, असं गुरुजी म्हणाले. पण नाव घेऊन पाणी सोडायला हरकत नाही, असंही तेच म्हणाले. वडिलांनी पाणी सोडलं. दादी शेजारी बसून मोठ्याने रडल्या. अकराव्या वर्षी रडायचं राहिलं होतं, ते.

ते नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. ते त्यांच्या घराचं आहे.

यानंतर सगळं बरं झालं का? नाही. दादी आता नव्वदीला आल्यात. दारात रजिस्टरवाला आला की आजही त्यांचा चेहरा बदलतो. फरक इतकाच की आता त्या आत जात नाहीत. नातवाचा हात धरून दारात उभ्या राहतात. आणि घरात कोणी हसत नाही.

आपण काय करायचं?

आपल्या ओळखीत असं एखादं घर असतंच. कुणी फाळणीत आलेलं, कुणी १९९० नंतर काश्मीर सोडून पुण्यात आलेलं. आपल्या स्वतःच्या घरातही एखादं न घेतलेलं नाव असू शकतं. कुंतीच्या त्या दोन-तीन पानांतून मला चार गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

१. आधी आत जा, मग ऐका, मग बोला. आपण सत्संगात जाणारी मुलं उत्तरं फार लवकर देतो. "देवाची इच्छा", "कर्माचे भोग", "आत्मा अमर आहे, शोक कसला?" हे सगळं खरं असेलही. पण गीतेत बघा. पहिल्या अध्यायात अर्जुन रडतो, बोलतो, धनुष्य टाकून बसतो आणि भगवान जवळजवळ गप्प असतात. त्याला पूर्ण बोलू देतात. त्या रडण्याच्या अध्यायालाही परंपरेने योग म्हटलंय: अर्जुनविषादयोग. आत्म्याचं ज्ञान त्यानंतर येतं. आपण थेट दुसऱ्या अध्यायावर उडी मारू नये.

२. मोठे प्रश्न विचारू नका. "दंगलीत काय पाहिलं?" असं कधीच नाही. घराच्या अंगणात काय होतं, सणाला काय शिजायचं, शाळा कुठे होती, असं विचारा. बोलायचं असेल तर माणूस त्या वाटेने स्वतः येतो. नसेल तर तिथेच थांबतो, आणि तो त्याचा हक्क आहे. कुंतीने सांगण्याची वेळ स्वतः निवडली. आपण ती ठरवायची नाही.

३. काडी उचलणाऱ्या मुलाला अडवू नका. दुःखाच्या घरात हसू येतं, लहान मूल काहीतरी बोलून जातं. त्याला गप्प बसवू नका. कुंतीला दार तिथेच सापडलं.

४. गरज असेल तर डॉक्टरांकडे न्या. झोप न लागणं, दचकून उठणं, विनाकारण घाबरणं हे वर्षानुवर्षं चालू असेल तर नामस्मरण करा आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर मिळते. भीमाच्या हाताने वाचलो तरी आपण म्हणतो देवाने वाचवलं. डॉक्टरांच्या हाताने वाचलो तरी तसंच म्हणता येईल.

शेवटी, एक गोष्ट कुंतीबद्दल. आश्रमवासिक पर्वात ती म्हातारी होऊन वनात राहते. व्यास विचारतात, कोणाला काय हवंय. तेव्हा ती पुन्हा कर्णाबद्दल बोलते, आणि या वेळी पहिल्यापासून, सगळं. व्यास तिला दोष देत नाहीत, तुझा अपराध नाही असं सांगतात. त्या रात्री गंगेतून गेलेले सगळे वर येतात आणि कर्ण आपल्या भावांना भेटतो. एका रात्रीपुरतं, राग नाही, वैर नाही. पहाटे सगळे परत जातात.

तशी रात्र आपण कोणाला देऊ शकत नाही. ते व्यासांचं काम. आपल्याला फक्त शेजारच्या खोलीतलं रडणं ऐकू यायला हवं, आणि उठून आत जाता यायला हवं.

आजचा संकल्प: घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ आज पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून बसा. त्यांच्या लहानपणीच्या घराबद्दल एक साधा प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तरी पंधरा मिनिटं पूर्ण करा.

आजची प्रार्थना: हे विठ्ठला, ज्यांना घर सोडावं लागलं त्यांच्या सोबत राहा. ज्यांना रडायला वेळ मिळाला नाही, त्यांना तो दे. आणि आम्हाला असे कान दे, ज्यांच्यापाशी बोलायला कोणाला भीती वाटणार नाही.

उद्याचं वाचन: पांडव एकचक्रा सोडून पांचालांकडे निघतात तो भाग.

रामकृष्ण हरी.